मोठ्या कंदांची ॲमरिलिस: नाशिकच्या हवेत ती दरवर्षी कशी फुलवावी

विकत आणलेल्या मोठ्या कंदाला पहिल्या वर्षी फूल येतंच. ती कळी कंद वाढवणाऱ्याच्या शेतात आदल्या वर्षीच आत तयार झालेली असते. आपण फक्त पाणी घालतो. खरी बागकाम करणाऱ्याची कसोटी लागते ती दुसऱ्या वर्षी. बहुतेक घरांत हा कंद एकदा दिमाखात फुलतो, पुढच्या वर्षी नुसती पानं काढतो आणि त्यानंतर कुंडीत दुसरंच काहीतरी लागतं. इतका महागाचा कंद असा वाया जावा याचं मला वाईट वाटतं, कारण नाशिकची हवा या झाडाला फार मानवते. थंडी, ऊन आणि पाऊस हे तिन्ही इथे त्याला हवे त्याच क्रमाने येतात.

आधी थोडी ओळख. बाजारात ॲमरिलिस म्हणून मिळणारे मोठे कंद हिपिॲस्ट्रम या दक्षिण अमेरिकेतल्या प्रजातीच्या झाडांपासून तयार केलेले संकर आहेत. खरी ॲमरिलिस दक्षिण आफ्रिकेतली. नावाचा हा घोळ वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये मिटवला, तरी दुकानात जुनंच नाव चालतं आणि आपणही तेच चालवू. आपल्याकडच्या जुन्या बंगल्यांच्या आवारात मार्च-एप्रिलमध्ये फुलणारी लाल-केशरी ‘लिली’ बहुतेक वेळा याच गोतातली असते. कांदाही आता शास्त्रीय वर्गीकरणात याच कुळात मोडतो. दिसायलाही कंद मोठ्या कांद्यासारखाच, म्हणून एक गोष्ट सर्वांत आधी सांगतो: हा कंद विषारी आहे. खाल्ला तर उलट्या, जुलाब होतात. स्वयंपाकघरात, कांद्याच्या टोपलीजवळ तो चुकूनही ठेवू नका. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा आणि कंद हाताळल्यावर हात धुवा.

१. कंद निवडणं

कंदाची प्रत त्याच्या घेरावर ठरते. पाकिटावर २६/२८ लिहिलेलं असेल तर कंदाचा घेर २६ ते २८ सेंटिमीटर. याहून लहान कंद साधारण एक दांडा देतो, या मापाचा एक-दोन, आणि ३४ सेंटिमीटरच्या पुढचा कंद दोन तर हमखास, कधी तीनही. प्रत्येक दांड्यावर चार फुलं, क्वचित सहा. मोठ्या फुलांच्या जातींत २० सेंटिमीटरच्या आतला कंद सहसा फुलत नाही. शिवणकामाची टेप सोबत न्या, दुकानदार हसला तर हसू द्या.

कंद हातात घेऊन बघा. आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. मान आणि तळ दाबल्यावर कुठेही मऊ पडता कामा नये. वरचा तपकिरी पापुद्रा सुटलेला असला तर बिघडत नाही, पण आत लाल चट्टे दिसले तर तो कंद सोडून द्या. मुळं थोडी सुकलेली चालतात.

जातींबद्दल माझं मत सांगतो. सुरुवात ‘रेड लायन’ किंवा ‘ॲपल ब्लॉसम’ने करा. ‘मिनर्वा’ही चांगली. ‘डान्सिंग क्वीन’सारख्या दुहेरी पाकळ्यांच्या जाती देखण्या, पण त्यांची फुलं जड असतात आणि मार्चअखेरच्या उन्हात लवकर मान टाकतात. ‘निळी ॲमरिलिस’ म्हणून ऑनलाइन दिसणाऱ्या बिया आणि कंदांवर एक रुपयाही घालवू नका. आणि शेजाऱ्यांकडे जुनी लाल लिली असेल तर तिचा एक कंद जरूर मागून घ्या. फूल लहान असतं, पण इतकं चिवट झाड दुसरं नाही.

२. लागवड

आयात केलेल्या कंदाची थंडीची विश्रांती शीतगृहात आधीच झालेली असते, त्यामुळे तो हाती आला की लावून टाकायचा. नोव्हेंबर-डिसेंबरात मिळाला तर कुंडी दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवा. थंड रात्रींमुळे फुलायला आठ-दहा आठवडे लागतील. फेब्रुवारीत लावलेला कंद सहा-सात आठवड्यांत फुलतो.

कुंडी मोठी घेण्याचा मोह टाळा. कंदाच्या भोवती सगळीकडे दोन बोटं जागा राहील एवढीच हवी. १० सेंटिमीटर जाडीच्या कंदाला ६ ते ७ इंची कुंडी पुरते. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओली राहते आणि कंद सडतो. मातीची जड कुंडी उत्तम, कारण फूट-दोन फूट उंच दांड्यावर चार मोठी फुलं आली की प्लास्टिकची कुंडी कलंडते.

नाशिकची काळी माती इथे नको. ती पाणी धरून ठेवते, आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड एवढं मिश्रण करा. मुळं खाली पसरवून कंद असा बसवा की त्याचा वरचा निम्मा भाग, निदान एक तृतीयांश तरी, मातीच्या बाहेर राहील. मान मातीत गेली की कुजण्याला सुरुवात झालीच म्हणून समजा.

जमिनीत लावायची असेल तर काळ्या मातीवर वीतभर उंचीचा गादीवाफा करा आणि दोन कंदांत फूटभर अंतर ठेवा.

पहिलं पाणी सावकाश, भरपूर. त्यानंतर कोंब दिसेपर्यंत माती वरून दोन बोटं सुकल्याशिवाय पाणी नाही. या काळात सर्वांत जास्त कंद मरतात ते पाण्याने. पाणी कडेने द्या, मानेवर ओतू नका.

३. फुलण्याचे दिवस

मानेतून जाड, फुगीर टोक वर आलं तर ती कळी, चपटं टोक आलं तर पान. कळी वर आली की पाणी वाढवा. दांडा उजेडाकडे झुकतो, म्हणून कुंडी दोन-तीन दिवसांनी फिरवत राहा. आधाराची काडी रोवताना ती कंदात घुसणार नाही याकडे लक्ष द्या. फुलं उमलली की कुंडी दुपारच्या उन्हातून सावलीत आणा, फुलं जास्त दिवस टिकतात.

फूल सुकलं की फक्त फूल आणि त्यामागची हिरवी गाठ कापा. बी धरायचं नसेल तर ती गाठ राहू देऊ नका, कंदाची ताकद तिकडे जाते. दांडा मात्र हिरवा आहे तोवर ठेवा, तोही पानासारखंच अन्न तयार करतो. पिवळा पडला की काढा.

४. पानांचे सात महिने

लोकांचं लक्ष फुलांसोबत उडतं, आणि पुढचं वर्ष इथेच हरतं. कंदात दर चार पानांमागे साधारण एका दांड्याचा गर्भ धरतो, आणि तो बाहेर यायला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. म्हणजे यंदाची पानं जोमदार असतील तरच पुढची फुलं. द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड धरतो आणि ऑक्टोबर छाटणीनंतर तो दिसतो; उन्हाळ्यात बागेकडे दुर्लक्ष केलं तर ऑक्टोबरात काही करून उपयोग नसतो. ॲमरिलिसचं गणित तसंच आहे.

फुलल्यानंतर कंदावर बोट ठेवून बघा, तो थोडा पोचट लागेल. साठवलेलं अन्न त्याने दांड्यात ओतलेलं असतं. आता त्याला परत भरायचं आहे.

एप्रिल-मेमध्ये सकाळचं चार-पाच तास ऊन द्या, पण दुपारी हिरव्या जाळीची सावली हवीच. पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पानं करपतात आणि काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं अक्षरशः शिजतात. पाणी एक-दोन दिवसांआड, माती बघून.

खताच्या बाबतीत नाशिककर भाग्यवान आहे. द्राक्षबागांमुळे इथल्या कृषी सेवा केंद्रांत विद्राव्य खतं सहज मिळतात. एप्रिलपासून जुलैपर्यंत दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाशाचे), लिटरभर पाण्याला १ ग्रॅम. ऑगस्टात १३:०:४५ त्याच प्रमाणात. सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ०:०:५०. नत्र हळूहळू कमी करत पालाशावर यायचं. युरिया अजिबात नको. पानं लांबलचक, मऊ होतात आणि किडीला आमंत्रण मिळतं. रासायनिक खत नको असेल तर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आणि अर्धी मूठ निंबोळी पेंड घाला. कंद भरतो, फक्त वेळ जास्त लागतो.

पावसाळ्यात कुंडी अशा जागी हलवा जिथे उजेड भरपूर, पण थेट झड येत नाही. गच्चीच्या पत्र्याची कड किंवा उघडी बाल्कनी चालते. नाशिक शहरात पाऊस बेताचा असतो, पण त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे राहणाऱ्यांनी छप्पर शोधलंच पाहिजे. कुंडीखालची बशी जून ते सप्टेंबर काढून टाका.

आता या काळातला मुख्य शत्रू. जूनच्या पहिल्या पावसांनंतर पानांवर काळ्या, पांढऱ्या-नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या दिसल्या तर ती लिली मॉथची पिल्लावळ. तिचे पतंग पानाच्या मागे पुंजक्याने अंडी घालतात. अळ्या सुरुवातीला एका जागी गोळा होऊन खातात आणि दोन-तीन दिवसांत झाड मानेपर्यंत फस्त करतात, पुढे कंदातही शिरतात. शेजारी स्पायडर लिली किंवा कळलावी असेल तर त्यांच्यावरही त्या असतात, तेव्हा तीही झाडं तपासा. रोज सकाळी पानं उलटून बघा. अंड्यांचा पुंजका बोटाने पुसून टाका, अळ्या साबणाच्या पाण्यात टाका. संध्याकाळी लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल, त्यात साबणाचे थोडे थेंब, अशी आठवड्याला एक फवारणी करा. अळी कोषात जाण्यासाठी मातीत उतरते, म्हणून वरची माती अधूनमधून हलवत राहा.

दुसरा त्रास लाल चट्ट्यांचा. पानावर, दांड्यावर लालसर रेषा उमटतात आणि तिथे पान वाकतं. ही बुरशी आहे आणि ती मानेवर साचलेल्या पाण्यातून पसरते. चट्ट्याचं पान कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. मग एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा, म्हणजे लिटरला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना. किंवा लिटरला अडीच ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड. फवारताना हातमोजे आणि तोंडाला फडकं.

मिलीबग पापुद्र्यांच्या आत लपतो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. पानांवर फिकट पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचं नक्षीकाम दिसलं तर तो विषाणू, त्याला इलाज नाही. असा कंद ठेवू नका, आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना सुरी स्पिरिटने पुसा.

५. दिवाळी ते संक्रांत: विश्रांती

दसऱ्यानंतर पाणी कमी करत जा, दिवाळी झाली की बंद. पानं पिवळी पडू द्या, हिरवी असताना ओढू नका. पूर्ण वाळली की मानेच्या वर दोन बोटं ठेवून कापा. आता कंदाचा घेर टेपने मोजा आणि कुंडीवर खडूने लिहा. गेल्या वर्षीपेक्षा वाढला असेल तर तुमची पानांची मेहनत फळली. घटला असेल तर दोष बहुधा उन्हाचा किंवा खताचा.

कंद कुंडीतच राहू द्या. कोरड्या, हवेशीर सावलीत आठ ते दहा आठवडे ठेवा. मुंबईकरांना यासाठी फ्रिजमध्ये जागा करावी लागते, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीच १० अंशांच्या आसपास जातात. निफाडकडे पारा पाच अंशांपर्यंत उतरतो तेव्हा कुंड्या भिंतीशी किंवा व्हरांड्यात आणा, कंद गोठता कामा नये. जवळ पिकणारी फळं ठेवू नका, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरू शकते. अपवाद ‘पॅपिलिओ’ या जातीचा. ती सदाहरित असते. तिचं पाणी कमी करा, पण पूर्ण तोडू नका.

संक्रांतीनंतर वरची दोन इंच माती काढून तिथे खतमिश्रित नवी माती भरा, एकदा पाणी द्या, कुंडी उन्हात आणा. कुंडी दरवर्षी बदलायची गरज नाही, दोन-तीन वर्षांतून एकदा पुरे. मुळं जाड आणि बरीच वर्षं टिकणारी असतात, जिवंत मूळ कापू नका.

६. पिल्लं आणि बिया

मोठ्या कंदाच्या बाजूला पिल्लं फुटतात. ती लिंबाएवढी होऊन त्यांना स्वतःची मुळं आली की कुंडी बदलताना वेगळी करा. त्याआधी तोडलेली पिल्लं रखडतात. नीट खाऊ घातलं तर दोन-तीन वर्षांत फुलतात आणि हुबेहूब आईसारखी निघतात.

बियांपासून रंग कुठला येईल सांगता येत नाही, पण त्यातच मजा आहे. दोन वेगळ्या जातींची फुलं एकाच वेळी उमलली तर एकाचे पराग दुसऱ्याच्या स्त्रीकेसराच्या, म्हणजे फुलातल्या मधल्या लांब दांडीच्या, टोकावर लावा. चार-सहा आठवड्यांत बोंड फुटतं. आतल्या काळ्या, कागदी बिया लगेच वाटीभर पाण्यावर तरंगत ठेवा. मूळ दिसलं की मातीत हलवा. ही रोपं फुलायला तीन-चार वर्षं घेतात आणि त्यांना दिवाळीनंतरची विश्रांती द्यायची नसते. कंद फुलण्याच्या मापाचा होईपर्यंत त्यांचं पाणी हिवाळ्यातही चालू ठेवा.