डोमेन कुणाच्या नावावर आहे? नोंद तपासावी, दुरुस्त करावी आणि सांभाळावी कशी

गिरगावात माझ्या मावशीचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. गेल्या दिवाळीच्या तोंडावर, मेतकूट आणि भाजणीच्या ऑर्डरी ओघानं येत असताना, तिची वेबसाइट बंद पडली. पैसे दरवर्षी तीच देत होती. पण डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, नोंद होती साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या नावावर, आणि मुदतीची आठवण करून देणारे सगळे ईमेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जात होते. तो कधीच पुण्याला निघून गेला होता.

पागडीच्या खोलीत राहिलेल्या मुंबईकराला ही गोष्ट पटकन समजेल. खोली आपण आपली म्हणतो, पण भाडेपावती कुणाच्या नावानं फाटते यावर सगळं अवलंबून असतं. डोमेनही कायमचं विकत मिळत नाही. एका वेळी 1 ते 10 वर्षं वापरायचा हक्क मिळतो आणि तो ज्याच्या नावावर नोंदलाय त्याचा असतो, पैसे कुणीही भरलेले असोत. '.कॉम'च्या नावांची मूळ वही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते, '.इन' आणि '.भारत'ची निक्सी ही भारतातली संस्था. अशी वही सांभाळणारी ती रजिस्ट्री. आपण ज्या कंपनीकडून नाव घेतो ती रजिस्ट्रार. '.कॉम'सारख्या नावांचे नियम 1998 साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था ठरवते. होस्टिंग, म्हणजे साइटची पानं साठवून ठेवण्याची सेवा, मात्र वेगळं: ते खोलीतलं सामान. सामान हलवलं म्हणून पावतीवरचं नाव बदलत नाही.

पहिली पायरी : बाहेरून पाहा

'.कॉम', '.ऑर्ग' असेल तर 'लुकअप डॉट आयकॅन डॉट ओआरजी' या पानावर आपलं डोमेन टाका. '.इन' असेल तर निक्सीच्या रजिस्ट्रीच्या पानावर शोधा. पूर्वी या सेवेला 'हूइज' म्हणत. आता तिची जागा 'आरडॅप' या पद्धतीनं घेतली आहे, पण जुनं नाव अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. नाव देवनागरीत असेल तर ते उत्तरात 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या विचित्र रोमन अक्षरांत दिसेल. ते तुमचंच असतं, घाबरू नका.

इथं चार गोष्टी उतरवून घ्या: रजिस्ट्रारचं नाव, मुदत संपण्याची तारीख, नेमसर्व्हर (डोमेन टाकल्यावर साइट कुठं आहे ते सांगणारे संगणक) आणि स्टेटस (डोमेनची सध्याची स्थिती). मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असेल. युरोपचा खासगी माहितीचा कायदा 25 मे 2018 पासून लागू झाला, तेव्हापासून जगभर ही माहिती झाकली जाऊ लागली. म्हणजे भाडं कुठं भरलं जातं ते बाहेरून कळतं, पावतीवरचं नाव कळत नाही.

तारखेबाबत एक मोठी फसगत होते, तिच्याकडे नीट लक्ष द्या. '.कॉम'ची मुदत संपली की रजिस्ट्री आपोआप एक वर्ष वाढवून ठेवते आणि रजिस्ट्रारला ते रद्द करायला 45 दिवस देते. त्यामुळे तुम्ही एक पैसाही भरलेला नसताना लुकअपमध्ये पुढच्या वर्षाची तारीख दिसू शकते. मावशीनं तीच तारीख पाहिली आणि 'अजून वर्ष आहे की' म्हणून आठ दिवस निर्धास्त राहिली. स्टेटसमध्ये 'ऑटो रिन्यू पीरियड' लिहिलेलं दिसलं, तर ती तारीख खरी धरू नका. पैसे भरल्याचं बिल तुमच्या हातात आहे का, हे पाहा.

दुसरी पायरी : आतून पाहा

रजिस्ट्रारच्या साइटवर लॉगिन करा आणि 'कॉन्टॅक्ट' उघडा. लॉगिनच तुमच्याकडे नसेल, तर खरा प्रश्न तोच आहे; थेट चौथ्या पायरीवर जा.

'रजिस्ट्रंट', म्हणजे नोंदणीधारक, या रकान्यात तुमचं नाव हवं, आणि ते पॅन किंवा गुमास्ता लायसन्सवर आहे तसंच हवं. वाद झाला तर कागद जुळवूनच निर्णय होतो. 'ऑर्गनायझेशन'चा रकाना विचार करून भरा. तिथं संस्थेचं नाव लिहिलं की नोंदणीधारक ती संस्था समजली जाते. भागीदारीतलं दुकान, गणेशोत्सव मंडळ, गृहनिर्माण सोसायटी यांनी तो जरूर भरावा, म्हणजे सेक्रेटरी बदलला तरी नाव संस्थेकडेच राहील. साइट बनवणाऱ्या एजन्सीचं नाव तिथं असेल तर ते आजच बदलून घ्या.

ईमेलचा रकाना मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पासवर्ड बदलण्याची लिंक, मुदतीची आठवण, ट्रान्सफरची (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्याची) परवानगी, सगळं त्याच पत्त्यावर येतं. तिथं त्याच डोमेनवरचा ईमेल कधीही देऊ नका. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो, आणि किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होतं. वेगळा, रोज उघडला जाणारा पत्ता द्या. जुन्या दुकानांच्या नोंदीत बंद झालेले ईमेल आणि लँडलाइन नंबर हमखास सापडतात. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली असेल तर पत्ताही बदलून घ्या.

'.इन' घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की तिथं नाव झाकणारी प्रायव्हसी सेवा चालत नाही. खरी माहितीच द्यावी लागते.

तिसरी पायरी : दुरुस्ती

'.कॉम'सारख्या डोमेनच्या नोंदीत बदल केला की पडताळणीचा ईमेल येतो. 15 दिवसांत त्याला उत्तर दिलं नाही, तर रजिस्ट्रार डोमेन थांबवू शकतो. बऱ्याच साइट अशाच 'अचानक' बंद पडतात. बदल तुम्ही स्वतः केला असेल तरच त्या लिंकवर जा. शंका असेल तर रजिस्ट्रारचा पत्ता स्वतः टाइप करून आत शिरा.

नाव बदलल्यावर बरेच रजिस्ट्रार पुढचे 60 दिवस दुसऱ्या कंपनीकडे ट्रान्सफर होऊ देत नाहीत. दोन्ही करायचं असेल तर कोणतं आधी, हे त्यांना विचारून ठरवा.

चौथी पायरी : नाव दुसऱ्याच्या हातात असेल तर

भांडणानं सुरुवात करू नका. बहुतेक वेळा समोरच्यानं फक्त आळस केलेला असतो. 'पासवर्ड द्या' असंही म्हणू नका, कारण त्याच खात्यात त्याच्या इतर ग्राहकांची डोमेनं असतात. त्याच रजिस्ट्रारकडे तुमचं स्वतःचं खातं उघडा आणि डोमेन त्यात 'पुश' करायला, म्हणजे हलवायला, सांगा. बऱ्याच ठिकाणी हे काम मिनिटांत होतं. रजिस्ट्रार बदलायचा असेल तर डोमेनचं ट्रान्सफर रोखणारं लॉक काढायला सांगून ऑथ कोड (ट्रान्सफरसाठी लागणारा गुप्त कोड) मागा. नंतर रजिस्ट्रंटच्या रकान्यात तुमचंच नाव आलंय का, हे डोळ्यांनी पाहा. पैसे दिल्याची बिलं आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं जपून ठेवा. कुणी हेतुपुरस्सर अडवून बसलं आणि नाव तुमच्या ट्रेडमार्कचं असेल, तर '.कॉम'साठी यूडीआरपी आणि '.इन'साठी आयएनडीआरपी या तंटा सोडवण्याच्या रीती आहेत. त्या मार्गाला वेळ आणि पैसा दोन्ही लागतं.

पाचवी पायरी : मुदत

चूक मोठ्यांकडूनही होते. 1999 च्या नाताळात मायक्रोसॉफ्टचं, हॉटमेलचं लॉगिन सांभाळणारं पासपोर्ट डॉट कॉम रिन्यू करायचं राहिलं आणि लोकांचं हॉटमेल अडलं. मायकेल चॅनी नावाच्या प्रोग्रामरनं स्वतःच्या खिशातून 35 डॉलर भरून ते सुरू केलं.

'.कॉम'ची मुदत संपल्यावर साधारण असं घडतं: आधी काही दिवस नेहमीच्या दरात रिन्यू करता येतं (जास्तीत जास्त 45, पण प्रत्येक रजिस्ट्रारचं वेगळं), मग 30 दिवसांचा 'रिडेम्पशन', म्हणजे नाव सोडवून घेण्याचा, काळ, त्यात जबर दंड, आणि शेवटचे 5 दिवस, ज्यांत काहीच करता येत नाही. त्यानंतर नाव कुणालाही मोकळं. काही रजिस्ट्रार त्याआधीच नाव लिलावात काढतात, म्हणून 45 दिवस हातात आहेत असं धरून चालू नका.

ऑटो रिन्यू चालू ठेवा, पण त्यावर विसंबू नका. 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून आपोआप पैसे कापण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे कडक नियम आहेत, आणि परदेशी रजिस्ट्रारचा हप्ता कधी कधी तिथंच अडतो. मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण मोबाइलमध्ये लावा. 'तुमच्या नावाचं डोमेन चीनमध्ये कुणी घेतंय' किंवा अनोळखी कंपनीकडून 'रिन्यूअल नोटीस' आली तर पैसे भरू नका. पहिल्या पायरीत उतरवलेलं रजिस्ट्रारचं नाव त्या नोटिशीशी ताडून पाहा.

शेवटी खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, स्टेटसमध्ये 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' म्हणजे लॉक दिसतंय ना ते बघा, आणि रजिस्ट्रार, खात्याचा ईमेल, मुदत हे सगळं एका कागदावर लिहून घरातल्या आणखी एका माणसाला दाखवा. मावशीचा तो कागद आता गुमास्ता लायसन्सच्या फायलीत, सगळ्यांत वर लावलेला आहे.