जर्मनीत मुलांकडे राहायला येणाऱ्या आई-बाबांसाठी, जिना, कचरा आणि रविवार

एप्रिल संपला की आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांत कुणाचे ना कुणाचे आई-बाबा यायला लागतात. शेंगेनच्या टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, म्हणजे हे लोक धड टुरिस्ट नाहीत आणि धड रहिवासीही नाहीत. काय बघायचं ते सगळेच सांगतात, पण बिल्डिंगमध्ये कसं राहायचं ते कोणी सांगत नाही आणि खटके तिथेच उडतात. मी श्टुटगार्टला आठ वर्षं आहे, आई-बाबा सांगलीहून दोनदा येऊन गेले, त्यावरून लिहितेय.

सुरुवात बॅगेपासूनच करा. युरोपियन युनियनच्या बाहेरून येताना सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणजे पेढे, खव्याच्या पोळ्या, साजूक तूप सगळं बाद. ताजी फळं-भाज्या पण सर्टिफिकेटशिवाय नाही, कढीपत्त्याची जुडीसुद्धा नाही. फक्त पाच फळांना सूट आहे, केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन (फणसासारखं एक फळ), म्हणजे हापूस घरी ठेवायचा पण नारळ बिनधास्त आणायचा. आईने पहिल्या वेळी तुपाची बरणी साडीत गुंडाळून आणली होती, ती विमानतळावरच गेली आणि पुढचे चार दिवस घरात तुपाचंच सुतक. चकल्या, भडंग, मसाले, पापड आणा की, तेवढं पुरतं.

आता रविवार. इथे रविवारी दुकानं बंद असतात, सुपरमार्केट, मॉल, सगळं. बेकरी काही तास उघडी असते, मोठ्या स्टेशनवरची दुकानं चालू असतात, बस. रविवार हा विश्रांतीचा दिवस हे १९१९ च्या वायमार राज्यघटनेत लिहिलं होतं आणि ते कलम आजच्या घटनेतही तसंच घेतलंय, त्यामुळे दूध-भाजी शनिवारीच भरून ठेवायची. पण दुकानांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे आवाज. रविवारी दिवसभर आणि रोज रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची, शिवाय बऱ्याच बिल्डिंगमध्ये दुपारी १ ते ३ पण, ते जिन्यातल्या नियमांच्या कागदावर लिहिलेलं असतं, मुलाला वाचून दाखवायला सांगा. आईने रविवारी सकाळी पावणेसातला चटणीसाठी मिक्सर लावला, सुकं खोबरं, मिक्सर इंडियातून आणलेला ७५० वॉटचा, मग काय. पाच मिनिटांत बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजी गाऊनवर, एकदम नम्रपणे विचारतायत, काही बिघडलंय का, प्लंबर पाहिजे का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि आई म्हणे, अगं चटणी दे की त्यांना थोडी. तर चटणी शनिवारी वाटायची. काचेच्या बाटल्या त्या मोठ्या कंटेनरमध्ये टाकायच्या त्याही रविवारी नाही, खळ्ळकन आवाज होतो.

बाथरूमबद्दल स्पष्टच सांगते. बहुतेक घरांत बाथरूमच्या जमिनीला पाणी जायला मोरीसारखं भोकच नसतं. बादली-मग घेऊन बाहेर बसून आंघोळ केली तर पाणी थेट खालच्यांच्या छतात. जे काय करायचं ते टबात किंवा शॉवरच्या काचेच्या आत, आणि नंतर जमीन कोरडी करायची. मग खिडकी सताड उघडायची, पाच-दहा मिनिटं, थंडी असली तरी, दिवसातून दोन-तीनदा. नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि घरमालक त्यावरून फार कटकट करतात. फोडणी देताना पण हीच खिडकी, आणि स्वयंपाकघराचं दार लावून, कारण पॅसेजमध्ये धुराचा अलार्म असतो आणि त्याला सुक्या मिरच्यांची फोडणी आणि आग यातला फरक कळत नाही.

कचऱ्याचे चार-पाच भाग असतात, ओला, कागद, पॅकिंगचं प्लास्टिक-पत्रा पिवळ्यात, काच वेगळी, उरलेलं वेगळं. कोणता डबा कुठला ते गावागणिक बदलतं त्यामुळे डब्यावर मुलाकडून मराठीत चिठ्ठ्या लावून घ्या, आमच्याकडे अजून आहेत. चहाचा चोथा ओल्यात, पण ओला कचरा साध्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकायचा नाही. बाटल्यांचं मात्र भारी आहे. २००३ पासून एकदा वापरायच्या बाटल्या आणि कॅनवर डिपॉझिट असतं, २५ सेंट, त्याला फांड म्हणतात. रिकामी बाटली सुपरमार्केटच्या मशीनमध्ये घालायची, चिठ्ठी येते, ती काउंटरला द्यायची. आपल्याकडे बाटली चुरगळून टाकायची सवय आहे ना, बाबांनी आठवडाभराच्या बाटल्या अशा मन लावून चुरगळल्या आणि मशीनने एकेक करून परत बाहेर ढकलल्या, त्याला बारकोड दिसायला लागतो. बाटली अख्खी ठेवा, झाकणासकट.

आणि आता केअरवोख. हे आमच्या श्वाबन भागातलं, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासचं, खास आहे, बर्लिन-हॅम्बुर्गवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. मजल्यावरच्या घरांनी आळीपाळीने एकेक आठवडा जिना झाडायचा-पुसायचा, ती छोटी केअरवोख, आणि बाहेरचा फुटपाथ, तळघराचा पॅसेज, थंडीत बर्फ, ती मोठी. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते, आठवडा संपला की ती शेजारच्या दाराला जाते. इसवी सन १४९२ च्या श्टुटगार्टच्या नगरकायद्यातच दर आठवड्याला घाण बाहेर न्या असं होतं, तेव्हापासूनची ही खोड म्हणतात. केअर म्हणजे झाडणं आणि वोख म्हणजे आठवडा. हे सांगितल्यावर बाबा दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, म्हणजे केर काढायचा आठवडाच की! त्यांना इतका आनंद झाला की त्या आठवड्यात जिना त्यांनीच घेतला. शनिवारी सकाळी दहाला, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून, वरून खाली, प्रत्येक पायरीचा कोपरा ओल्या फडक्याने. त्या मिक्सरवाल्या आजी दार उघडून बघत होत्या. बाबांना जर्मन येत नाही, आजींना इंग्लिश येत नाही, त्यांनी कठड्याखालची एक जागा बोटाने दाखवली, बाबांनी ती पुसली, त्या मान हलवून आत गेल्या. संध्याकाळी दाराबाहेर प्लमचा केक ठेवलेला. म्हणून म्हणते, तुमच्या पाहुणेपणात पाळी आली तर ‘आम्ही पाहुणे’ म्हणून सोडू नका, आणि ‘आपण कशाला जिने पुसायचे’ असं तर मनातही आणू नका. आठ वर्षांत मला जेवढी ओळख झाली नाही तेवढी बाबांची एका फडक्यात झाली.

माणसांशी वागायचं तर सगळ्यात आधी नमस्कार. जिन्यात, लिफ्टमध्ये, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये शिरताना अनोळखी लोकांनाही ‘ग्रुस गॉट’ म्हणायचं (दक्षिणेत हे, वर उत्तरेत ‘गुटन टाग’). चारला कॉफीला बोलावलं तर चारला, पावणेचारला पण नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी द्यायच्या नाहीत, ते अपशकुनी मानतात. आणि बागेतली गोरी गुबगुबीत बाळं, हो मला माहितीये, पण गाल ओढायचा नाही, खाऊ द्यायचा नाही आणि फोटो तर अजिबात नाही, आईबाप भडकतात आणि त्यांचं बरोबरच आहे. लांबून हसा.

रस्त्यात गाडी नसली तरी लाल सिग्नलला चालत जायचं नाही. दंड पाचच युरो आहे पण शेजारी एखादं लहान मूल उभं असेल तर त्याची आई तुम्हाला सगळ्यांसमोर ऐकवेल. फुटपाथवरचा सायकलचा पट्टा पण ओळखून ठेवा, तिथे उभं राहून व्हिडिओ कॉल करू नका.

एक नाजूक गोष्ट राहिली, स्वस्तिक. नाझींच्या चिन्हांवर इथे फौजदारी कायदा आहे. आपलं स्वस्तिक वेगळं, जुनं, शुभ, सगळं खरं, पण जिन्यातून जाणाऱ्या माणसाला तो इतिहास तुम्ही दारात उभं राहून सांगणार आहात का? दाराबाहेरच्या रांगोळीत, तोरणावर, गाडीवर नको. बाहेर लक्ष्मीची पावलं काढा, कमळ काढा. कलशावरचं स्वस्तिक आत देवघरात.

आणि हो, बिल्डिंगच्या बेलवर फ्लॅट नंबर नसतो, फक्त आडनाव असतं. लेकीकडे येत असाल तर बेलवर कोणाचं आडनाव आहे ते निघण्याआधी विचारून ठेवा. बाबा पहिल्या दिवशी फिरून आले आणि माहेरचं आडनाव शोधत वीस मिनिटं खाली उभे होते.