घोगरा आवाज घेऊन नागपूरला निघण्याआधी

सर्दी केव्हाच गेली, चार आठवडे होत आले आणि आवाज घोगराच आहे, तर घशाच्या गोळ्या आता पुरे. दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय स्वरतंतूंवर गाठी आहेत, पॉलिप (मऊ फुगवटा) आहे, सिस्ट (द्रव भरलेली पिशवी) आहे की नुसती सूज, हे कोणालाच सांगता येत नाही. तंबाखू-बिडी असेल, थुंकीत रक्त असेल, गिळताना दुखत असेल किंवा मानेत गाठ लागत असेल तर चार आठवडेही थांबू नका. श्वास घेताना आवाज येत असेल तर ही यादी बाजूला ठेवा आणि मिळेल त्या गाडीने जवळचा मोठा दवाखाना गाठा. खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या, कारण क्षयरोग स्वरयंत्रातही होतो.

गडचिरोलीतल्या अहेरी-सिरोंचाकडून नागपूर म्हणजे जाण्यायेण्यात दिवस मोडतात. म्हणून आधी तिथल्या दवाखान्याच्या कान-नाक-घसा विभागात फोन. ओपीडीचा वार तर विचाराच, पण स्वरयंत्राची दुर्बीण चालू आहे का आणि तपासणीचा व्हिडिओ मिळतो का, हेही स्पष्ट विचारा. स्ट्रोबोस्कोपी असेल तर उत्तम. स्वरतंतू सेकंदाला शंभर-दोनशे वेळा कंप पावतात, साध्या उजेडात डोळ्याला ते कळत नाही. स्ट्रोबच्या, म्हणजे भराभर लुकलुकणाऱ्या उजेडात तेच संथ दिसतं.

व्हिडिओसाठीच हे लिहितोय. आमच्या वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. पहिल्या खेपेला आम्ही नुसता कागद घेऊन परतलो. ‘दोन्ही स्वरतंतूंवर गाठी’, बस्स. पुढे स्पीच थेरपिस्टनं विचारलं, गाठी केवढ्या, तंतू मिटताना फट किती राहते? सांगायला काहीच नव्हतं. पुन्हा तोच प्रवास, पुन्हा दुर्बीण, पुन्हा वहिनींची रजा.

तेव्हा पिशवीत रिकामा पेन ड्राइव्ह टाका. काही ठिकाणी व्हायरसच्या भीतीनं तो लावू देत नाहीत. मग परवानगी घेऊन पडद्यावरचं चित्रण मोबाइलमध्ये घ्या. मोबाइलमध्ये जागा आहे का, ते घरीच बघा.

आधार, रेशनकार्ड, जुने कागद हे आलंच. चालू गोळ्या पाकिटासकट न्या, रक्त पातळ करणाऱ्या असतील तर आधी सांगा. दम्याचा पंप असेल तर तोही दाखवा, त्यानंही आवाज बसू शकतो. सकाळच्या परिपाठाला आवाज कसा असतो आणि शेवटच्या तासाला कसा, हे दोन्ही फोनवर रेकॉर्ड करून न्या.

तपासताना डॉक्टर गॉजनं जीभ धरून बाहेर ओढतात आणि ‘ई’ म्हणायला सांगतात. उमासे येतात, पण शांतपणे तोंडानं श्वास घेत राहिलं की निभतं. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या जवळ येतात. गाठी असतील तर त्या मध्येच टेकतात आणि पुढेमागे फट उरते. थेरपिस्टला हेच बघायचं असतं. घशात बधिर करायचा फवारा मारला असेल तर तासभर खाऊपिऊ नका, ठसका लागेल. तेवढ्या वेळात व्हिडिओ उघडून बघा. आवाजासकट चालतोय ना? नाही चालला तर तिथूनच परत आत जा. लाजू नका. फाटकाबाहेर पडलात की तो मिळवणं कठीण. व्हॉट्सॲपवर पाठवाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र धूसर होतं.

गाठींना बहुतेक वेळा लगेच ऑपरेशन लागत नाही, आधी आवाजाचे व्यायाम. थेरपिस्ट जवळ नसेल तर व्हिडिओ कॉलवर शिकता येतात. रेंज कुठे येते ते हेरून ठेवा. ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत ‘ऊ’ म्हणायचं, असले साधेच असतात, पण रोज करायचे. शाळेत गळ्यातला माइक वापरा.

पॉलिप किंवा सिस्ट असेल तर ऑपरेशन लागू शकतं. ऑपरेशनच्या आधी उपाशी राहा, हलणारा दात असेल तर सांगा, काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट घ्या. नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस मौन. कुजबुजही नाही, पाटीवर लिहा. फेरतपासणीची तारीख चुकवू नका. आणि तिथलाही व्हिडिओ मागून घ्या.