सोलापुरातून पोलोच्या मैदानाकडे: मोसमाआधीची तयारी

पोलोचा मोसम थंडीचा असला, तरी सोलापूरच्या हौशी खेळाडूने तयारीला आषाढातच लागायला हवे. दिवाळीनंतर पुण्या-मुंबईच्या मैदानावर उतरायचे असेल तर दिवाळीपासून मागे मोजत या. विसावलेला घोडा पोलोच्या दमाचा व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्याआधी स्वाराची बैठक पक्की व्हायला दोन-तीन महिने तरी हवेत. म्हणून यादीत पहिले नाव मॅलेटचे, म्हणजे चेंडू मारायच्या लांब काठीचे, नाही आणि हेल्मेटचेही नाही. आधी घोडा कोणता, हे ठरवायचे आणि जमीन बघायची.

जमिनीचा हिशेब असा आहे. पोलोचे पूर्ण मैदान ३०० यार्ड लांब असते आणि कडेला फळ्या असतील तर १६० यार्ड रुंद, म्हणजे जवळपास दहा एकर सपाट हिरवळ. आपल्याकडचा पाऊस आणि एप्रिल-मेमधले ४२ अंशांच्या पुढे जाणारे ऊन पाहता ती राखणे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. तेव्हा सामना बाहेर खेळायचा आणि तयारी घरी करायची, हे आधीच मनाशी धरा. सरावाला मात्र एकरभर रान पुरते. अरिना पोलो हा प्रकार ३०० फूट बाय १५० फुटांच्या बंदिस्त आखाड्यात, तीन-तीन खेळाडूंमध्ये खेळतात आणि त्याचा चेंडू मोठा, हवा भरलेला असतो. एवढा तुकडा एखाद्या पाहुण्याच्या पडीक रानात सहज मिळतो. काळ्या जमिनीत मात्र घोडा पळवू नका. पावसात ती टापेला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की दौडत्या घोड्याचा पाय आत गेला तर मोडलाच म्हणून समजा. माळावरची जमीन घ्या, दगडगोटे आणि बाभळीचे काटे हाताने वेचून काढा, कुळव फिरवा आणि वर वाळू-मातीचा चार बोटे थर द्या. वेचणीचे काम कंटाळवाणे आहे, पण ते दुसऱ्यावर सोपवू नका. घोड्याच्या तळव्यात घुसणारा दगड मालकाच्याच नजरेला दिसतो.

आता घोडा कोणाचा? ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, अशी मराठ्यांच्या फौजेतली विभागणी होती. नव्या खेळाडूने पहिला मोसम बारगीर म्हणूनच काढावा, असे माझे ठाम मत आहे. खेळ मुरलेला क्लबचा घोडा स्वाराला शिकवतो. चेंडू कुठे वळणार हे त्याला तुमच्याआधी कळते आणि कधी थांबायचे हेही. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब आहे आणि पुण्यातही घोडेस्वारीचे रीतसर शिक्षण मिळते. तिथे जाऊन आधी नुसती स्वारी शिका. दुडकीत रिकिबीशिवाय बसता येईपर्यंत मॅलेट हातात घेऊ नका. शिवाय पोलोचा सामना चकरांत, म्हणजे सात-सात मिनिटांच्या डावांत, खेळतात; घोड्याला सलग दोन चकरा खेळवत नाहीत आणि एका दिवसात दोनपेक्षा जास्तही नाहीत. चार चकरांच्या साध्या सामन्यालाही प्रत्येकी दोन घोडे लागतात. दोन घोडे, सईस, नालबंद, वैरण आणि ट्रक असा सगळा खर्च पहिल्याच वर्षी अंगावर घेतलेला माणूस खेळण्यापेक्षा काळजीतच जास्त राहतो.

तरीही स्वतःचा घोडा हवाच असेल, तर दिवाळीच्या सुमारास अकलूजचा घोडेबाजार आहेच. आपल्या जिल्ह्यात असा बाजार भरतो हे भाग्य आहे, पण तिथे जाताना डोळे तयार करून जा. बाजारात मारवाडी घोड्याचे कान, उंची, रंग आणि चाल पाहिली जाते. त्यावर देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) आहे का, तो पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरा) आहे का, अंगावर केसांचा भोवरा कुठे आहे, यावर किमती चढतात आणि उतरतात. पोलोला यातले काहीच लागत नाही. उलट ‘वाईट’ भोवऱ्यामुळे स्वस्तात जाणारा धडधाकट घोडा आपल्यासारख्यासाठी उत्तम सौदा असतो. आपण पायच पाहायचे. चारही पायांच्या नळ्यांमागच्या शिरांवरून बोट फिरवा. कुठे गरम लागते का, सूज आहे का, दाबल्यावर घोडा पाय झटकतो का, हे बघा. मग मऊ मातीत नव्हे, कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालवायला सांगा आणि डोक्याकडे लक्ष ठेवा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोके वर जाते. वयाची खात्री दातांवरून करा. पाच वर्षांचा घोडा दातांनी पूर्ण होतो आणि त्याआधी त्याच्यावर पोलोचे काम लादू नये.

नाचऱ्या घोड्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण सोलापुरात विकायला येणाऱ्या घोड्यांत वरातीचे पुष्कळ असतात. हलगी वाजली की जागेवर पाय उचलायचे, हेच त्याला शिकवलेले असते आणि तेही बहुधा काटेरी लगामाने. तोंड दुखू नये म्हणून तो मान ताठ वर धरतो आणि पाठ आत दाबतो. अशा घोड्याला पोलोकडे वळवता येते, पण त्याला वर्ष द्यावे लागते. पहिले काही महिने फक्त सौम्य लगाम, लांब सोडलेली वादी आणि चालणे. तो मान खाली सोडून मोकळा श्वास टाकायला लागला की पुढचे काम. गर्दी, ढोल, फटाके यांची सवय त्याला आधीच असते आणि ती मैदानावर फार कामी येते. भीमथडी जातीकडेही आपल्या भागातल्या माणसाने आदराने पाहावे. भीमेच्या खोऱ्यात धनगरांचे बिऱ्हाड पाठीवर वाहणारे हे ठेंगणे घोडे दमाचे आणि काटक असतात, आणि देशी जातींच्या राष्ट्रीय नोंदीत त्यांना अलीकडे स्वतंत्र स्थान मिळाले आहे. मुलांना आणि नवशिक्यांना स्वारी शिकवायला मी दुसरा घोडा सुचवणार नाही.

आषाढातच एक दिवस राखून माळशिरस तालुक्यात जा आणि माउलींच्या पालखीचे सदाशिवनगरचे किंवा खुडूस फाट्याचे रिंगण बघा. दर्शन तर घ्याच, पण घोडेवाल्याच्या नजरेनेही बघा. हजारोंच्या गजरात दोन अश्व गोल दौडतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कोणीच नसतो, तरी गती आणि वळण बिघडत नाही. माणसाला आणि आवाजाला सरावलेला घोडा काय करू शकतो, ते पुस्तकात वाचून समजत नाही.

दम वाढवण्याचे वेळापत्रक सोपे आहे, घाई न करणे तेवढे अवघड. पहिले दोन-तीन आठवडे नुसते चालणे, रोज चढवत तासभरापर्यंत. मग दुडकी. चौथ्या-पाचव्या आठवड्यात संथ दौड आणि शेवटी छोटे वेगवान धावे, थांबणे, मागच्या पायांवर वळणे. डांबरी रस्त्यावर दुडकी नको. ऊसतोडणी सुरू झाली की रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरतात, त्याआधी घोड्याला उभ्या ट्रॅक्टरजवळ नेऊन त्या आवाजाची ओळख करून द्या. घोड्याचे आकडे वहीत लिहून ठेवा: विसाव्यात नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस. तुमच्या घोड्याचा नेहमीचा आकडा माहीत असला तरच बिघाड वेळेवर कळतो. काम थांबवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत नाडी साठच्या खाली आली, तर दम बरोबर वाढतो आहे.

तुमच्या स्वतःच्या शरीरासाठी बैठका आणि तालमीतले मुद्गल पुरेसे आहेत. खांदा आणि मनगट मोकळे करायला मुद्गलासारखे साधन नाही. सुताराकडून तुमच्या घोड्याच्या उंचीचा लाकडी घोडा करून घ्या, त्यावर खोगीर कसा आणि भोवती उताराच्या फळ्या व जाळी लावा, म्हणजे मारलेला चेंडू परत पायाशी येतो. डाव्या हातात वादी धरूनच मारा, नाहीतर मैदानावर तो हात काय करायचे ते विसरतो. मॅलेट साधारण ४८ ते ५४ इंचांची असते आणि घोड्याच्या उंचीप्रमाणे निवडतात. दोन लांबीच्या दोन ठेवा. आधी उजवीकडून पुढचा आणि मागचा फटका, मग डावीकडचे दोन. मानेखालचा आणि शेपटीमागचा फटका पहिल्या मोसमात नाही जमला तरी चालेल. डावखुऱ्यांनी आत्ताच सवय बदलावी. पोलो उजव्या हातानेच खेळावा लागतो, कारण समोरासमोर येणाऱ्या दोन स्वारांचे मॅलेट विरुद्ध हातांत असतील तर घोडे एकमेकांवर आदळतील.

नियमांची तयारी बहुतेक जण टाळतात, आणि जीव धोक्यात येतो तो इथेच. चेंडू ज्या दिशेने चालला आहे ती एक अदृश्य रेषा, आणि त्या रेषेवर ज्याचा हक्क आहे त्याच्या पुढ्यातून आडवे जायचे नाही. पोलोचे जवळजवळ सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. ती डोक्यात नव्हे, अंगात भिनावी लागते, आणि त्यासाठी सायकल हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. चार मित्र, चार सायकली, आखूड मॅलेट आणि मोकळे मैदान एवढे जमवा. सायकल पोलोच्या भारतात राष्ट्रीय स्पर्धा होतात, तेव्हा हा नुसता पोरखेळ समजू नका. चक्कर सात मिनिटांची असते, घंटेनंतर तीस सेकंदांपर्यंत खेळ चालू राहू शकतो आणि प्रत्येक गोलनंतर संघ बाजू बदलतात, हेही सायकलवरच गिरवून ठेवा. हँडिकॅप, म्हणजे खेळाडूच्या कसबाचा ठरवलेला आकडा, उणे दोनपासून दहापर्यंत असतो. नवा खेळाडू उणे दोनवर येतो.

वैरणीत आपण सोलापूरकर भाग्यवान आहोत. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा चांगला वाळलेला कडबा कुट्टी करून घालता येतो. हिरवी ज्वारी मात्र घोड्याला अजिबात नको, कोवळी तर नाहीच. तिच्यातले विष जनावराला लागते आणि घोड्यात तर मूत्राशय व मागचे पाय लुळे पडल्याची उदाहरणे आहेत. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला कमीत कमी सहा किलो कोरडी वैरण हवी. सोबत लसूणघास, भिजवलेले हरभरे आणि ओट. खुराक वाढवायचा तो आठ-दहा दिवसांत थोडाथोडा, एकदम वाढवला की पोटशूळ. गव्हाच्या कोंड्यावर भर देऊ नका. त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, त्याने हाडे ठिसूळ होतात. मिठाची लादी गव्हाणीत कायम असावी. पाणी थंडीत २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात कष्टाच्या दिवशी त्याच्या दुप्पट धरा. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये ही जुनी समजूत सोडून द्या, तहानलेल्याला पिऊ द्यावे. अंगावर पाणी ओता, निपटून काढा, पुन्हा ओता. ओला टॉवेल पाठीवर पसरून ठेवला तर तो उष्णता आत कोंडतो. टॉवेल पुसण्यापुरतेच, आणि ते सोलापुरात कमी पडायचे कारण नाही, डझनभर घेऊन ठेवा.

साहित्यात हेल्मेटवर पैसे वाचवू नका. डोळ्यांना गॉगल किंवा हेल्मेटची जाळी, गुडघ्यांना संरक्षक, तपकिरी बूट आणि डाव्या हातात हातमोजा. घोड्यासाठी चारही पायांच्या पट्ट्या, पुढची छातीपट्टी, मार्टिंगेल (डोके फार वर उचलू न देणारा पट्टा), तंगावरून जाणारा जादा पट्टा. आयाळ कापावी लागते आणि शेपूट वेणी घालून वर बांधावी लागते, नाहीतर मॅलेट किंवा वादी त्यात अडकते. मारवाडीच्या मालकांना आयाळ कापणे जिवावर येते, आणि ते मला समजते. पण त्याच घोड्याला अकलूजला मिरवायचे आणि पोलोतही उतरवायचे, हे दोन्ही एका मोसमात होणार नाही. नालबंद पाच-सहा आठवड्यांनी यायला हवा. शेवटची नालबंदी सामन्याच्या आठवडाभर आधी उरका, आदल्या दिवशी नको.

प्रवासाआधी कागद. धनुर्वाताची लस दरवर्षी, सर्ऱ्यासाठी (माश्यांमुळे पसरणाऱ्या रक्तातल्या परजीवीच्या रोगासाठी) रक्ततपासणी आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा निर्दोष दाखला. ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित घोडा कायद्याने मारावा लागतो, म्हणून बाजारातून आणलेला घोडा तपासणीचा निकाल हातात येईपर्यंत वेगळा बांधा. वाहतुकीसाठी १९७८ च्या नियमांप्रमाणे पशुवैद्याचा प्रवासयोग्यतेचा दाखलाही लागतो. पुणे अडीचशे किलोमीटर आहे. रात्री निघा, ट्रकमध्ये पेंढ्याचा जाड थर द्या आणि दोर एवढा ढिला ठेवा की घोड्याला मान खाली घालून शिंकरता येईल. मान सतत वर बांधली की धूळ फुफ्फुसात बसते आणि ताप येतो. वाटेत इंदापूर-भिगवणच्या आसपास थांबून पाणी पाजा. वैरण घरची, पुरेल एवढी. ओळखीची बादलीही न्या, काही घोडे नव्या भांड्यात तोंड घालत नाहीत. सामन्याच्या दोन दिवस आधी पोहोचा.

सामन्याच्या दिवशी खुराक चार तास आधी संपलेला असावा. नाल, तंग आणि रिकिबीची वादी स्वतः तपासा, सईस कितीही जाणता असला तरी. चकरांच्या मधे तंग सैल करून घोडा फिरवत ठेवायला एक माणूस लागतो, तो आधीच ठरवा. खेळ संपल्यावर पट्ट्या सोडून पाय धुवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड असताना, नळ्यांवरून पुन्हा बोट फिरवा आणि सरळ रेषेत दुडकी चालवून बघा. पाय स्वच्छ निघाले तर दोन दिवस नुसते चालवा. एकाही पायात उष्णता सापडली, तर पुढचा सामना रद्द करून पशुवैद्याला बोलवा.