गाडी स्टार्ट होत नाहीये? नवी बॅटरी आणायच्या आधी एवढं बघा

चावी फिरवली आणि गाडी नुसती टक् करून गप्प बसली की सगळ्यांचं एकच, "बॅटरी गेली". मीही एकदा तेच धरून नवी बॅटरी टाकली, चार दिवसांनी परत तेच रडगाणं, आणि शेवटी निघालं काय तर इंजिनची अर्थिंगची वायर (इंजिन बॅटरीच्या मायनसला जोडणारी) आतून हिरवी पडून सडलेली. तेव्हापासून मीटर लावल्याशिवाय पाकिटाला हात लावत नाही.

आधी आवाज ऐका. पटापट कटकटकटकट येत असेल तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. एकच टक् आणि पुढे शांतता असेल तर तेव्हा हेडलाइट बघा, लाइट मंद होत नसतील तर सोलेनॉइडचे (सेल्फला करंट सोडणारा मोठा स्विच) कॉन्टॅक्ट नाहीतर सेल्फचे (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) ब्रश झिजले असायची शक्यता जास्त, एकदम मंद झाले तर बॅटरी नाहीतर कनेक्शन, क्वचित सेल्फ जाम. सेल्फ सुसाट फिरतोय पण इंजिन हलत नाही म्हणजे बेंडिक्स (सेल्फला इंजिनशी जोडणारं गिअर). काहीच आवाज नाही? फ्यूज, रिले, क्लचचा स्विच, आणि ऑटोमॅटिक असेल तर एकदा न्यूट्रलमध्ये टाकून बघा. इंजिन नीट फिरतंय पण चालू होत नाही तर तो विषयच वेगळा, पेट्रोल-स्पार्कचा.

आता मल्टीमीटर, डीसी व्होल्टवर. गाडी काही तास बंद असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसलं की फुल चार्ज, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली तर आधी चार्ज करा, उतरलेल्या बॅटरीवर पुढच्या टेस्ट करून काही कळत नाही. आत्ताच चालवून आलात तर आकडा उगाच जास्त दिसतो, दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, थोडं थांबा, मग मोजा.

मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघत राहा. ९.६ च्या खाली जायला नको (फार थंडी असेल तर थोडं कमी चालतं). चार्ज केलेली असूनही धाडकन खाली येत असेल तर बॅटरी खलास, किंवा सेल्फच जास्त करंट खातोय.

आता खरी मजेची टेस्ट, जी बरेच जण करतच नाहीत. मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंग खराब. तसंच प्लसची खुंटी ते सेल्फचा मोठा बोल्ट, तिथे ०.५ पर्यंत ठीक. मीटर क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच टेकवा, कारण क्लॅम्प आणि खुंटीच्या मधला पांढरा-हिरवा थर हाच बऱ्याचदा चोर असतो आणि क्लॅम्पवर मोजलं की तो सुटतो. माझी वायर अशीच सापडली असती, पण तेव्हा अक्कल नव्हती. मोजताना हात, वायरी, ओढणी सगळं बेल्ट आणि फॅनपासून लांब.

गाडी चालू झाली की चार्जिंग. बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.७ दिसायला हवं. १२ च्या घरातच घुटमळतंय तर बेल्ट सैल, फ्यूज उडालेला किंवा अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा) गेलेला, १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) बिघडलेला, आणि तो बॅटरी उकळून काढतो. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी करतो, म्हणून हेडलाइट आणि ब्लोअर लावून परत बघा. चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासायची जुनी युक्ती कृपया करू नका, व्होल्टेज उसळतं आणि इसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) जळू शकतो.

सगळं ठीक आणि तरी रात्रीतून बॅटरी उतरते? मग बंद गाडीत काहीतरी करंट पितंय. मायनसची वायर काढून मध्ये मीटर अँपिअरवर लावा, दारं बंद, अर्धा-पाऊण तास गाडी झोपू द्या. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर सोडून द्या, जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा पडेल ती लाइन. आणि मीटर असा मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज तिथेच उडतो, विचारू नका कसं माहिती.