सुरक्षा एजन्सीचा वार्षिक अहवाल: कामगिरी आणि सामाजिक बांधिलकी कशी मांडावी

कोकणातील बहुतेक सुरक्षा एजन्सींचा वार्षिक अहवाल एप्रिलमध्ये घाईघाईने लिहिला जातो. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपलेले असते, आंब्याच्या बागांची राखण ऐन भरात असते आणि औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याने निविदेसोबत ‘वर्षभरातील कामगिरी व सामाजिक उपक्रम’ असे प्रकरण जोडायला सांगितलेले असते. मग कार्यालयात सापडतील ती छायाचित्रे गोळा करून वृक्षारोपण, वह्यावाटप, रक्तदान अशा क्रमाने लावली जातात. असे अहवाल मीही लिहिले आहेत. आता मात्र माझे सांगणे असे की, छायाचित्रे बाजूला ठेवावीत आणि सुरुवात हजेरीपटापासून करावी.

बारा महिन्यांचे मस्टर, पगारपत्रक आणि प्रत्येक पॉइंटवरील, म्हणजे रक्षक नेमलेल्या ठिकाणची, घटना नोंदवही समोर घेऊन बसल्यास पहिल्या दोन दिवसांतच खरी कामगिरी दिसू लागते. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा बदली रक्षक, न आल्यामुळे रक्षकाला सलग दुसरी पाळी किती वेळा करावी लागली, वर्षाच्या सुरुवातीला असलेल्यांपैकी किती जण वर्षअखेरीस टिकले, पगार कोणत्या तारखेला जमा झाला आणि फिल्ड ऑफिसरने रात्रीच्या किती अचानक भेटी दिल्या, हे चार आकडे महिन्यावार मांडावेत. ‘वर्षभरात एकही चोरी झाली नाही’ हे वाक्य शक्यतो लिहूच नये. एकदा मी ते लिहिले आणि आठवड्याभरात ग्राहकाचा फोन आला, कारण जनरेटरमधील डिझेल कमी झाल्याची नोंद त्याच्याच गेटवरील वहीत आमच्याच रक्षकाने केलेली होती. त्या रक्षकाने चोख काम केले होते. वही न वाचता लिहिणारा मी चुकलो होतो. घटना किती घडल्या, त्यांपैकी किती रक्षकांनी स्वतः उघडकीस आणल्या आणि कळल्यानंतर किती मिनिटांत वरपर्यंत निरोप पोहोचला, असे लिहिलेले अधिक विश्वासार्ह ठरते.

यानंतर कायद्याने जे करावेच लागते ते वेगळ्या पानावर घ्यावे. खाजगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, 2005 अन्वये परवाना लागतो. केंद्राच्या आदर्श नियमांनुसार नव्या रक्षकाला 100 तासांचे वर्गातील आणि 60 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यावे लागते, तर माजी सैनिक व माजी पोलिसांसाठी ही मर्यादा 40 आणि 16 तासांची आहे. भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा 12 टक्के आणि कर्मचारी राज्य विमा योजनेतील 3.25 टक्के हिस्सा भरणे हे कर्तव्य आहे, त्याला समाजसेवा म्हणू नये. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी, आणि किती तक्रारी आल्या व किती निकाली निघाल्या हे वार्षिक अहवालात द्यावे लागते. तक्रार आली नसेल तर ‘शून्य’ असे स्पष्ट लिहावे, रकाना गाळू नये. कंपनी कायदा, 2013 मधील कलम 135 ची, सामाजिक कामांवर (सीएसआर) नफ्याच्या दोन टक्के खर्चाची सक्ती 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एखादी मर्यादा गाठणाऱ्या कंपन्यांना आहे. आपल्याकडील बहुतेक एजन्सी त्यात बसत नाहीत, त्यामुळे अहवालात ‘सीएसआर’ हा शब्द ऐटीसाठी वापरू नये. ‘स्वेच्छेने केलेले काम’ हे शब्द पुरतात.

सामाजिक मूल्य ही संज्ञा निविदांमध्ये रुळली ती मुख्यतः ब्रिटनमधून. तेथे सार्वजनिक सेवा विकत घेताना त्यातून समाजाला आणखी काय मिळेल याचाही विचार व्हावा, असा कायदा 2012 साली झाला. आपल्यासाठी त्याचा सोपा अर्थ असा घ्यावा की, ठरलेली ड्यूटी आणि कायद्याची देणी वजा केल्यावर रक्षकाच्या घरी आणि गावात जे उरते, ते सामाजिक मूल्य.

कोकणात याचे मोजमाप गणेशोत्सवात होते. रक्षक स्थानिक असतील तर जवळजवळ प्रत्येकाच्या घरी गणपती असतो आणि सगळ्यांना एकाच आठवड्यात रजा हवी असते. आपण रजेचा तक्ता जुलैमध्येच तयार करावा आणि त्यात कोणाकडे दीड दिवसाचा गणपती आहे, कोणाकडे गौरीबरोबर विसर्जन होते आणि कोणाकडे अनंत चतुर्दशीपर्यंत मूर्ती असते, याचा रकाना ठेवावा. दीड दिवसवाले परत आले की उरलेल्यांना सोडता येते. या पद्धतीने किती जणांना आपल्या घरच्या पूजेला बसता आले, हा आकडा अहवालात दिल्यास तो कोणत्याही शाल-श्रीफळाच्या छायाचित्रापेक्षा अधिक बोलतो.

पावसाळ्याचाही असाच हिशेब द्यावा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा रेनकोट, गमबूट आणि विजेरी कोणत्या तारखेला हातात पडली हे महत्त्वाचे आहे. ‘वाटप करण्यात आले’ एवढे पुरत नाही. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठ्या चामडी चपला वाहतात, कारण देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. राखणदाराच्या पायताणाची काळजी घेण्याची रीत आपल्याकडे अशी जुनी आहे. ती पगारी राखणदारापर्यंतही पोहोचावी.

पुढील वर्षाची वचने मोजकी, दोन-तीनच द्यावीत आणि ती आपल्या कामातूनच निघालेली असावीत. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, तसे पुन्हा घडल्यास पूररेषेतील कोणत्या पॉइंटवरील रक्षकाने कोणाला विचारून, कोणत्या उंच जागी जायचे, हे लेखी ठरवून जूनपूर्वी त्याचा सराव घेऊ, असे वचन देता येते. महिला रक्षक असलेल्या प्रत्येक पॉइंटवर वापरता येईल असे स्वच्छतागृह मिळेपर्यंत ग्राहकाकडे लेखी पाठपुरावा करू, हे दुसरे. किनाऱ्यावरील रिसॉर्टचे काम असेल तर कासवांच्या हंगामात समुद्राकडे तोंड असलेले दिवे रात्री मालवणे आणि गस्तीत वाळूवर कासवाचा माग दिसल्यास वन विभागाला कळवणे हे जवळजवळ बिनखर्चाचे काम आहे; ऑलिव्ह रिडलेची पिल्ले उजेडाकडे भरकटतात आणि रात्री किनाऱ्यावर जागा असणारा माणूस बहुधा आपलाच असतो. प्रत्येक वचनापुढे महिना, जबाबदार व्यक्तीचा हुद्दा आणि अंदाजे खर्च लिहावा. मागील वर्षीचे जे वचन पाळता आले नाही, तेही कारणासह त्याच पानावर असावे.

काही गोष्टी मात्र अहवालात येता कामा नयेत. कोणत्या गेटवर रात्री किती माणसे असतात, पाळी किती वाजता बदलते, कॅमेरे कोठे पोहोचत नाहीत, हे छापणे म्हणजे चोराच्या हातात किल्ली देणे होय, आणि उत्साहात काढलेल्या छायाचित्राच्या पार्श्वभूमीवर भिंतीवरचा ड्यूटी चार्ट स्पष्ट वाचता येतो हे अनेकदा छापून झाल्यावर लक्षात येते. रक्षकाचे छायाचित्र त्याच्या संमतीनेच घ्यावे. मांडणी साधी असावी.

छपाईला देण्यापूर्वी मसुद्याची मराठी प्रत दोन-तीन पॉइंटवर न्यावी आणि पाळी बदलताना येणारे व जाणारे रक्षक एकत्र असतील तेव्हा दहा मिनिटांत आकडे मोठ्याने वाचून दाखवावेत. कोणी लगेच बोलत नाही. जरा थांबावे लागते. मग मागून कोणीतरी म्हणतो, “साहेब, बूट जूनमध्ये नाही, ऑगस्टमध्ये मिळाले.” तेथेच पेन काढून तारीख दुरुस्त करावी.