गिटारच्या होममेड इफेक्ट पेडलचा आवाज बारीक येतोय? या चुका टाळा

पेडल अजिबात वाजत नसेल तर दोष लवकर सापडतो. खरा ताप होतो तो आवाज येतो, पण बारीक येतो तेव्हा. अशा वेळी बहुतेकांचा पहिला हात ट्रान्झिस्टरवर जातो. तो काढायचा, दुसरा बसवायचा, मग कपॅसिटर बदलायचे. गोव्यात डिचोली-फोंड्याकडे राहणाऱ्याला हे परवडत नाही. एखादा जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) हवा असला तरी कुरिअरची वाट बघावी लागते, आणि सारखं तापवून व्हेरोबोर्डची, म्हणजे ज्यावर पार्ट सोल्डर करतो त्या पट्ट्यांच्या बोर्डाची, तांब्याची पट्टी उखडते ती वेगळीच. सिग्नल कुठे पडतोय ते आधी शोधा, पार्ट मग बदला.

सुरुवात बायपासपासून करा, म्हणजे फूटस्विचने इफेक्ट बंद करून गिटार सरळ अँपला जाऊ द्या. बायपासमध्येही आवाज कमीच असेल तर सर्किटला हात लावू नका. दोष जॅक, केबल नाहीतर फूटस्विचमध्ये आहे. आपल्याकडे जून लागला की दमट हवेने जॅकच्या पत्तीवर थर चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग पाच-सहा वेळा आत-बाहेर केला की पुष्कळदा काम होतं. बॅटरीचा व्होल्टेज पेडल चालू ठेवूनच मोजा, कारण संपत आलेली बॅटरी सुटी मोजली तर ठीक दिसते.

बायपास चांगला असेल तर ऑडिओ प्रोब, म्हणजे सर्किटमधला सिग्नल जागोजागी ऐकवणारी तार, करून घ्या. जुन्या गिटार केबलचं एक टोक कापा. आतल्या तारेला १०४ छापलेला, म्हणजे १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडा, बाहेरच्या जाळीला क्रोकोडाइल क्लिप लावून ती सर्किटच्या ग्राउंडला अडकवा. दुसरं टोक अँपमध्ये, अँपचा व्हॉल्यूम अगदी कमी. पेडलच्या इनपुटला मोबाइलवरून एखादं गाणं हळू आवाजात सोडा आणि कपॅसिटरचा मोकळा पाय इनपुट जॅकपासून एकेका जोडावर टेकवत पुढे जा. ट्रान्झिस्टरच्या बेसवर (सिग्नल आत जातो तो पाय) जेवढं ऐकू येतं त्यापेक्षा कलेक्टरवर (बाहेर येतो तो पाय) मोठं यायला हवं. नाही आलं तर तपासायची जागा तीच. हा प्रोब फक्त ९ व्होल्टच्या सर्किटवर वापरा, अँपच्या आत कधीही नाही.

त्या जागी सगळ्यात जास्त सापडणारी चूक म्हणजे ट्रान्झिस्टर उलटा बसणं. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे असतात. २एन३९०४ चे नेमके उलट, एमिटर, बेस, कलेक्टर. एकाच्या जागी दुसरा तसाच खोचला तर तो मरत नाही, पण गेन, म्हणजे आवाजाची वाढ, अगदीच थोडा देतो. एमिटरच्या रेझिस्टरला समांतर असलेला कपॅसिटर ड्राय सोल्डरमुळे, म्हणजे नीट न धरलेल्या जोडामुळे, सुटला असेल तरी लक्षण हेच, म्हणून तो जोड पुन्हा तापवून बघा.

रेझिस्टर रंगांवर विसंबून लावू नका. ट्यूबलाइटखाली तांबडा आणि नारिंगी सारखेच दिसतात, आणि पाच पट्ट्यांचा निळा रेझिस्टर कुठल्या टोकाकडून वाचायचा हे कळत नाही. बोर्डावर चढवण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजा. मीटरही कधी फसवतो. ४.५ व्होल्टचा बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरला दिलेला स्थिर व्होल्टेज, १ मेगओहमच्या रेझिस्टरमधून येत असेल, तर आतला रोध १० मेगओहम असलेला डिजिटल मीटर तिथे ४.१ च्या आसपास दाखवतो. तो दोष नव्हे, मीटरचाच भार आहे.

मोबाइलवर दणदणीत वाजणारं पेडल गिटार लावल्यावर मेलेलं वाटत असेल, तर इनपुट इम्पीडन्स, म्हणजे पेडलच्या इनपुटचा सिग्नलला होणारा रोध, बघा. मोबाइलचं आउटपुट कमी इम्पीडन्सचं असल्याने त्याला भार जाणवत नाही, गिटारच्या तारांखालच्या पिकअपला जाणवतो. इनपुटला १ मेगओहमच्या जागी १० किलोओहम लागला असेल तर आवाज बारीक होतोच, वर तीव्र स्वरांची धारही जाते.

उन्हाळ्यात छान वाजलेलं पेडल पावसात मंद झालं असेल, तर बोर्ड उलटा करा. सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्स (सोल्डरमधला राळेसारखा पदार्थ) ओल धरतो आणि शेजारच्या पट्ट्यांमध्ये गळती होते. मेगओहमचे रेझिस्टर असलेल्या जोडांवर सिग्नल पाडायला एवढी गळतीही पुरते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, नीट वाळवा, आणि पट्ट्यांमधल्या फटी धारदार कटरने एकदा ओढून घ्या. डबा बंद करताना आत सिलिका जेलची पुडी टाका.